वीस वर्षांच्या स्पोर्टी गाडीची चाकं आणि ड्राइव्हट्रेन: नागपुरात काम कसं करावं

होंडा सिटी १.५ व्हीटेक, जुनी १.६ बलेनो, फोर्ड आयकॉन १.६, फियाट पालिओ १.६ जीटीएक्स. २००० सालाच्या आगेमागे आलेल्या या गाड्यांत नव्वद ते एकशे सहा अश्वशक्ती होती आणि वजन हजार-अकराशे किलोच्या घरात. आजच्या जाडजूड गाड्यांत ती चपळाई मिळत नाही. म्हणून नागपुरात अजूनही पोरं या गाड्या शोधून शोधून घेतात. गाडी दारात आली की पहिला फोन मात्र अलॉयवाल्याला जातो आणि पंधरा-सोळा इंची रिम बसतात. त्यांच्या आतली बेअरिंग, एक्सलची रबरी बूट आणि गिअरबॉक्समधलं तेल जसंच्या तसं राहतं.

क्रम उलटा हवा. आधी जे फिरतं ते, म्हणजे बेअरिंग, एक्सल आणि गिअरबॉक्स, दुरुस्त करायचं, मग टायर, आणि रिम सगळ्यात शेवटी. रिमही मूळ मापापेक्षा एका इंचाहून जास्त मोठी करू नये. हा सल्ला नागपूरच्या उन्हाशी आणि सिमेंट रस्त्यांशी बांधलेला आहे, त्याची कारणं पुढे येतीलच.

कागद

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल गाडीत करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. खाजगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे तुमची गाडी एमएच ३१ असो, एमएच ४९ असो की ग्रामीणची एमएच ४०, तपासणीसाठी आरटीओपुढे उभी राहणारच. तिथे फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, बाहेर आलेली चाकं दिसली की काम अडतं. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनीने जो रिम आणि टायर दिला होता, तो शोधणं सगळ्यात सुरक्षित. विमा कंपनीलाही लेखी कळवून ठेवा. अपघातानंतर हा वाद काढण्यात अर्थ नसतो.

गाडी उचलण्याआधी

नागपूरचा उन्हाळा थट्टेचा विषय नाही. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. अशा दिवसांत डांबर मऊ होतं आणि जॅकचा पाय हळूहळू खाली रुततो. गाडी एका बाजूला झुकते आणि आपल्याला कळतही नाही. म्हणून काम फरशीवर किंवा सिमेंटवर करा. डांबराला पर्याय नसेल तर जॅक आणि स्टँड दोन्हींखाली जाड लाकडी फळी घाला. जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका. दोन चांगले स्टँड, मागच्या चाकांना अडण्या, आणि गाडी स्टँडवर बसल्यावर हाताने जोरात हलवून बघणं, एवढं झाल्याशिवाय पाना उचलायचा नाही. मे महिन्यात सकाळी दहाच्या आत काम आटपलं तर बरं, नंतर लोखंडाला हात लावता येत नाही.

गाडी नुकतीच घेतली असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं आणि असंख्य गाड्या बुडाल्या. त्यातल्या काही पुसून-पासून विकल्या गेल्या असतील हे धरून चाला. सीटच्या रुळांवर, बेल्टच्या मुळाशी आणि स्पेअर चाकाच्या खळग्यात गाळ दिसतो का बघा. गिअरबॉक्सला हवा घेण्यासाठी वर एक बारीक नळी असते, तिच्यातून पाणी आत जातं. गिअर ऑइल दुधाळ निघालं तर पाणी आत गेलंय हे पक्कं, आणि मग चारही बेअरिंगकडे त्याच नजरेने बघायला हवं.

बेअरिंग

साठ-सत्तरच्या वेगाने खाली एकसारखी गुणगुण येते, इंजिनाचे फेरे बदलले तरी तिचा सूर बदलत नाही, वेगाप्रमाणे मात्र बदलतो. ही बेअरिंगची खूण. रिकाम्या रस्त्यावर हलकेच उजवीकडे वळवा. वजन डाव्या चाकावर येतं. गुणगुण वाढली तर डावं बेअरिंग, कमी झाली तर उजवं. टायर झिजून दातेरी झाला तरी असाच आवाज येतो, त्यामुळे आधी टायरवरून तळवा फिरवून बघा.

मग चाक उचला आणि वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर मित्राला ब्रेक दाबून ठेवायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर दोष बेअरिंगचा, राहिला तर बॉल जॉइंटकडे, म्हणजे सस्पेन्शनच्या गोल सांध्याकडे, बघा. डावीकडे-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ असेल तर बहुतेक टाय रॉड, म्हणजे स्टीअरिंगची दांडी. शेवटी एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना स्पष्ट जाणवते, कानाला ऐकू येण्याच्या बरीच आधी.

या गाड्यांत पुढचं बेअरिंग नकलमध्ये, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या लोखंडी भागात, दाबून बसवलेलं असतं. ते घरी हातोड्याने काढायचं काम नाही. नकल सोडवून प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये न्या. हिंगणा एमआयडीसीत अशी मशीनची कामं करणारे आहेत. तिथे उभं राहून एकच गोष्ट बघायची: नकलमध्ये नवं बेअरिंग दाबताना जोर बाहेरच्या कड्यावर यायला हवा. आतल्या कड्यावर जोर दिला की तो गोळ्यांमधून जातो, कड्यांवर बारीक खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग थोड्याच दिवसांत गुणगुणायला लागतं. हब, म्हणजे ज्यावर चाक बसतं तो भाग, आत दाबताना बेअरिंगच्या आतल्या कड्याला मागून आधार हवा. बेअरिंग जागेवर धरणारी कडी, म्हणजे सर्क्लिप, नवी घ्या. जुन्या बेअरिंगच्या कडेवर कोरलेला नंबर लिहून घ्या. बेअरिंगच्या दुकानात गाडीचं नाव सांगण्यापेक्षा हा नंबर सांगितला तर वस्तू नेमकी मिळते.

एक्सल आणि सीव्ही जॉइंट

गाडीच्या स्वभावावर सगळ्यात जास्त परिणाम करणारा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग हा. गिअरबॉक्सची फिरकी चाकापर्यंत नेतो तो एक्सल, आणि त्याच्या दोन्ही टोकांचे, चाक वळलं-हललं तरी फिरकी पोहोचवणारे सांधे म्हणजे सीव्ही जॉइंट. स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कट-कट-कट असा आवाज आला तर बाहेरचा सीव्ही जॉइंट गेला. सरळ रस्त्यावर जोरात अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर गाडी थरथरते आणि पाय काढल्यावर शांत होते, तर आतला जॉइंट. दोन्हींचं मूळ कारण बहुतेक वेळा एकच असतं: रबरी बूट फाटलं, ग्रीस उडालं, धूळ आत गेली. नागपूरच्या उन्हात रबर कडक होऊन घडीच्या तळाशी चिरतं. पावसाळ्याआधी पुढची चाकं दोन्हीकडे पूर्ण वळवून, टॉर्च घेऊन, प्रत्येक घडी उघडून बघा. रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले तर बूट फाटलेलंच आहे.

बूट नुकतं फाटलं असेल, आवाज नसेल, ग्रीसमध्ये कचकच नसेल, तर जॉइंट धुऊन नवं ग्रीस आणि नवं बूट घालून काम भागतं. आवाज सुरू झाला असेल तर नवं ग्रीस भरून काही होत नाही, जॉइंट बदला.

एक्सल काढताना गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट थोडे सैल करा. त्याच वेळी हबचा मोठा नटही सैल करायचा. तो बहुतेक ३० किंवा ३२ मिमीचा असतो आणि त्याची कड खाचेत ठोकून दाबलेली असते. ती कड आधी छिन्नीने वर उचलली नाही तर एक्सलचे आटे जातात. मग गाडी स्टँडवर घ्या आणि गिअर ऑइल काढा, नाहीतर एक्सल बाहेर येताच ते सगळं फरशीवर. खालचा बॉल जॉइंट सोडवा, नकल बाहेरच्या बाजूला फिरवा. एक्सलचं टोक हबमध्ये अडकलं असेल तर नट टोकावर उलटा अर्धवट लावून त्यावर लाकडाने ठोका. ब्रेकचा कॅलिपर सोडला असेल तर तो तारेने स्प्रिंगला बांधा, रबरी पाइपवर लोंबकळू देऊ नका.

आता गिअरबॉक्सकडची बाजू. एक्सलची दांडी धरून ओढायची नाही. ओढली की आतला जॉइंट सुटतो आणि त्याचे रोलर बूटमध्ये सांडतात. आतल्या जॉइंटच्या कपामागे पहार घालून, गिअरबॉक्सच्या अ‍ॅल्युमिनियमला ओरखडा न पाडता, हलका झटका द्यायचा. एक्सल बाहेर असताना गाडी चाकांवर टेकवून ढकलू नका. या बेअरिंगला एक्सलच दाबून धरतो, तो नसला की बेअरिंग उघडतं.

जॉइंटमध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं काळं ग्रीसच भरा. साधं पिवळं ग्रीस इथे टिकत नाही. सगळं ग्रीस बूटमध्ये ओतू नका, अर्ध्याहून जास्त जॉइंटच्या गोळ्यांमध्ये बोटाने दाबून भरा. बूटची पट्टी आवळण्याआधी त्याची कड उचलून अडकलेली हवा काढा. हवा राहिली की उन्हात बूट फुगतं. गिअरबॉक्सचं ऑइल सील तीस-चाळीस मिनिटांच्या अंतरावर मिळत असेल तर नवं आणा, पुन्हा हे सगळं उघडायची वेळ येऊ नये. आतल्या टोकाची सर्क्लिप नवी. एक्सल आत ढकलल्यावर टक् असा आवाज येतो. कप धरून ओढून बघा, बाहेर यायला नको. हबचा नट नवाच लावायचा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने, म्हणजे आवळण्याच्या ठरलेल्या जोराने. शेवटचा टॉर्क गाडी जमिनीवर टेकवून द्यायचा आणि नटाची कड खाचेत ठोकायची. न्यूमॅटिक गनने भर्रकन आवळून देणाऱ्याला नम्रपणे थांबवा आणि टॉर्क पाना आपला वापरा. या सगळ्या कामातली सगळ्यात उपयोगी खरेदी तीच आहे.

गिअर ऑइल, क्लच, माउंटिंग

गिअर ऑइल बदलताना एक नियम लक्षात ठेवा: आधी भरायचा बोल्ट उघडा, मग काढायचा. भरायचा बोल्ट गंजून अडकला असेल आणि तेल आधीच काढून टाकलं असेल तर गाडी तिथेच बसली. तेल कोमट असताना काढा. काढायच्या बोल्टवर बऱ्याचदा चुंबक असतो. त्यावर राखाडी मऊ लगदा असणं स्वाभाविक आहे, पण चकचकीत कपच्या किंवा दाताचे तुकडे दिसले तर गिअरबॉक्स उघडावाच लागेल. नवं तेल भरायच्या भोकातून ओघळायला लागलं की पातळी बरोबर.

तेल कोणतं, यावर गॅरेजमध्ये सर्रास चूक होते. होंडाच्या गिअरबॉक्सला होंडाचं एमटीएफ (मॅन्युअल ट्रान्समिशन फ्लुइड) लागतं. ते पातळ असतं, आणि जाड ९० नंबर तेल भरलं की थंडीत दुसरा गिअर अडतो. बलेनोसारख्या गाड्यांना ७५डब्ल्यू-९०, जीएल-४ दर्जाचं. जीएल-५ हे वरचा दर्जा म्हणून विकलं जातं, पण त्यातली काही रसायनं गिअर जुळवणाऱ्या पितळी कड्यांना, म्हणजे सिंक्रोनायझरला, सोसत नाहीत. दुसरा गिअर घालताना करकर येते म्हणून गिअरबॉक्स उघडायला निघालेल्या कित्येक गाड्या योग्य तेलाने आणि गिअर लिव्हरच्या नव्या बुशने सुधारतात. त्या बुश स्वस्त असतात. लिव्हर ढिला वाटत असेल तर सगळ्यात आधी त्याच बदला.

क्लच तपासायला चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या. आरपीएम झपकन चढले आणि वेग तसाच राहिला तर क्लच घसरतोय. बदलताना क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकत्र बदला. मजुरी गिअरबॉक्स उतरवण्याची असते, तिन्ही वस्तूंना ती एकदाच लागते. गिअरबॉक्स खाली आहे तोवर क्रँकचं मागचं ऑइल सील बघा. फ्लायव्हीलवर निळे डाग असतील तर ते लेथवर लावून घ्या, तडे असतील तर बदला. या गाड्यांना मूळ क्लच पुरेसा आहे. हलकं फ्लायव्हील आणि कडक रेसिंग क्लच यांची शिफारस मी करणार नाही. संध्याकाळी सीताबर्डीतून पंचशील चौकापर्यंत सरकताना डावा पाय भरून येतो, गाडी हिसके देते, आणि एकशे सहा अश्वशक्तीत त्याचा फायदा हाती काही लागत नाही.

इंजिनाच्या माउंटिंगकडे मात्र नक्की बघा. बोनेट उघडून, ब्रेक दाबून, क्लच हलका सोडताना इंजिन किती उडतं ते कुणाला तरी बाजूला उभं राहून बघायला सांगा. माउंटिंग फाटलं असेल तर नवा एक्सलही थरथरतो. बदली म्हणून कंपनीचं रबरच घ्या. पॉलियुरेथेनने सिग्नलवर डॅशबोर्ड खडखडतो.

आता रिम

रिम निवडताना पाच आकडे जुळवावे लागतात: छिद्रांचं वर्तुळ, हबचं भोक, आटे, रुंदी आणि ऑफसेट, म्हणजे हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर दूर आहे ते. सिटी व्हीटेकचं वर्तुळ ४ × १०० (चार छिद्रं, १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर), हब ५६.१ मिमी, आटे एम१२ × १.५. बलेनोचं वर्तुळही ४ × १००, पण हब ५४.१ आणि आटे १.२५ चे. आयकॉन ४ × १०८, हब ६३.४. पालिओ ४ × ९८, हब ५८.१, आणि तिथे नट नाहीत, बोल्ट आहेत. ९८ आणि १०० मध्ये फरक दोनच मिलिमीटरचा, म्हणून पालिओवर १०० ची रिम ‘बसवून’ देणारे भेटतात. बोल्ट तिरपे बसतात, एक बाजू धरते, दुसरी नाही. अशी रिम घेऊ नका.

बाजारातल्या बऱ्याच रिमचं मधलं भोक मोठं, ७३.१ मिमीपर्यंतही असतं, कारण एकच रिम अनेक गाड्यांना विकायची असते. त्या फटीत नेमक्या मापाचं कडं हवं. कडं नसेल तर बॅलन्सिंग कितीही केलं तरी ऐंशी-शंभरच्या वेगाला स्टीअरिंग हलतं.

नटाची बैठक तर बरेच जण विसरतात. होंडाच्या मूळ रिमला नटाचा तळ गोलाकार असतो. बाहेरच्या अलॉयला शंकूच्या आकाराचा, ६० अंशाचा. होंडाचे मूळ नट बाहेरच्या रिमवर लावले तर ते एका बारीक रेषेवर टेकतात आणि चालता चालता सैल होतात. रिम बदलली की नट बदला. आणि हाताने किमान आठ फेरे आत जायला हवेत.

ऑफसेटचं गणित कागदावर करा. समजा मूळ रिम साडेपाच इंच रुंद, ऑफसेट ४५. नवी साडेसहा इंच, ऑफसेट ३८. रुंदी एका इंचाने वाढली, म्हणजे दोन्हीकडे १२.७ मिमी. ऑफसेट कमी झाल्याने चाक आणखी ७ मिमी बाहेर. बाहेरची कड जवळजवळ २० मिमी बाहेर आली. फेंडर घासतो, स्टीअरिंग रस्त्याच्या प्रत्येक चिरेबरोबर ओढतं, आणि नुकतंच बदललेलं बेअरिंग जास्त भार सोसतं. ऑफसेट मूळच्या चार-पाच मिलिमीटरच्या आत ठेवा.

टायरचा बाहेरचा व्यास मूळ टायरइतकाच हवा. १७५/७० आर १३ चा व्यास सुमारे ५७५ मिमी. १८५/६० आर १४ चा ५७८, १९५/५० आर १५ चा ५७६. तिन्ही चालतात, स्पीडोमीटर बिघडत नाही. पण टायरची भिंत १२२ मिमीवरून १४ इंचात १११ होते आणि १५ इंचात ९७. नागपूरचे सिमेंट रस्ते सरळ आणि मोकळे आहेत, पण त्यांची कड बाजूच्या मातीपेक्षा उंच असते, गटारांची झाकणं कधी वर कधी खाली, आणि जुन्या डांबराला नवं सिमेंट मिळतं तिथे धारदार पायरी राहते. त्या पायरीवर पन्नासने गेल्यावर पंधरा इंचापेक्षा चौदा इंचात जास्त असलेलं चौदाएक मिलिमीटर रबर रिम वाचवतं. म्हणून माझं मत चौदा इंचाकडे. शिवाय हलकी चौदा इंची रिम घेतली तर गाडी सुटते, थांबते आणि वळते, तिन्ही चांगलं करते. घेण्याआधी दोन्ही रिम वजनकाट्यावर ठेवा. मूळ रिमपेक्षा जड असेल तर गाडीची चपळाई तुम्ही पैसे देऊन कमी करताय.

वापरलेली रिम घेताना ती बॅलन्सिंग मशीनवर टायरविना फिरवून बघा. थोडा वाक हायड्रॉलिक प्रेसने निघतो. गॅसच्या ज्योतीने तापवून सरळ करणाऱ्याकडे देऊ नका, अलॉयची ताकद उष्णतेने जाते. आतल्या बाजूला, स्पोकच्या मुळाशी चीर असेल तर वेल्डिंग करून वापरायची नाही, भंगारात द्यायची.

टायरवर चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी पाच-सहा वर्षांहून जुना टायर इथल्या उन्हात विश्वासाचा नाही. नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिमी. हवा नेहमी सकाळी, टायर थंड असताना. तापमान साधारण सहा अंशांनी वाढलं की दाब एक पीएसआयने वाढतो. डिसेंबरच्या पहाटे आणि मेच्या दुपारी पस्तीस अंशांचा फरक असतो, म्हणजे सहाएक पीएसआयचा. डिसेंबरात भरलेली हवा मार्चमध्ये पुन्हा मोजा. पण दुपारी गरम टायरची हवा जास्त दिसली म्हणून सोडू नका. कमी हवेने टायरची भिंत जास्त दुमडते, जास्त तापते आणि फुटते.

पहिली फेरी

नट ताऱ्याच्या क्रमाने, टॉर्क पान्याने आवळा. सिटीसाठी १०८ न्यूटन मीटर, बाकीच्यांसाठी मॅन्युअल बघा. मग अलाइनमेंट करून घ्या, कारण नकल सोडवली होती.

गाडी थेट शिवमडक्याला नेऊन समृद्धी महामार्गावर १२० ने पळवू नका. आधी वस्तीतल्या मोकळ्या रस्त्यावर स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून हळू फिरवा, आवाज ऐका. चार जण बसवून गतिरोधकावरून न्या आणि फेंडरच्या आत टायर घासल्याची खूण बघा. मग रामटेकला जाऊन या, येऊन-जाऊन शंभरेक किलोमीटर होतात. परतल्यावर चारही चाकांच्या मध्याजवळ हात नेऊन उष्णता ताडून बघा. एकच चाक इतरांपेक्षा बरंच तापलं असेल तर तिथलं बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक. गाडीखाली पुठ्ठा ठेवून रात्रभर उभी करा, सकाळी त्यावर गिअर ऑइलचा थेंब आहे का बघा. आणि त्याच सकाळी, चाकं थंड असताना, सोळाही नटांना पुन्हा टॉर्क पाना लावा. नव्या रिमचे नट पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये थोडे बसतात, त्यामुळे एखादा नट पाव फेरा फिरला तर घाबरू नका. तो आवळा आणि आणखी शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.